पाचवं प्रकरण

“पाचवं प्रकरण कुठे आहे?” संख्याशास्त्राच्या सरांनी प्रबंध पुन्हा उलटसुलट करून पाहिला. “चौथ्यानंतर एकदम सहावं?”

टेबलापलीकडच्या मुलीने नजर खाली वळवली. अध्यक्षांच्या खुर्चीतल्या बाईंनी पाण्याचा पेला उचलला. एक घोटही न घेता त्यांनी तो खाली ठेवला.

अभ्यासक्रम बाईंचाच. विद्यार्थ्याने आपली पदवी आपणच आखायची, दोन-तीन विभागांतले विषय एकत्र गुंफायचे, आणि बाईंच्या समितीने ती मंजूर करून शेवटपर्यंत तपासायची. “पदवी कसली, गोधडी आहे,” असं सर पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. तरी समितीवरची खुर्ची मात्र सोडत नसत. या मुलीने भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान आणि संगीत असे तीन तुकडे जोडले होते. सदानकदा कानाला हेडफोन, म्हणून वर्गात तिला सगळे कानसेन म्हणत. माणूस बोलताना कुठे अडतो, नेमका शब्द सोडून ‘ते’, ‘हे’ कधी म्हणू लागतो, यावरून विसरण्याचा आजार डॉक्टरांच्याही आधी ओळखता येईल का, हा तिचा विषय. मंजुरीच्या वेळी बाई तिच्यासाठी सरांशी हातघाईवर आल्या होत्या.

आता त्यांना त्याच मुलीची भीती वाटत होती.

साधारण वर्षापूर्वी एका सकाळी त्यांना ‘गाळणी’ हा शब्द सापडेना. गाळणी हातातच होती. मग वर्गातही शब्द निसटू लागले. बाई हुशार. फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या, “काय म्हणतात बरं याला, सांगा पाहू कुणीतरी.” मुलांना वाटायचं, बाई आपली परीक्षा घेताहेत. घरी नवऱ्याला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरकडे जायचं टाळलं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं, आणि पुढे पुढे तिला पोटची लेकसुद्धा ओळखू येईना.

गेल्या महिन्यात मुलगी त्यांच्या खोलीत आली. दार लोटून तिथेच उभी राहिली.

“बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“मला काय धाड भरलीय?” बाई हसून म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते तिने गिळलं आणि ती निघून गेली. त्यानंतर जिन्यात तिची चाहूल लागली तरी बाई मागच्या मागे वळत. आज मात्र वळायला जागा नव्हती.

“मी काय विचारतोय?” सर म्हणाले. “वृद्धाश्रमातल्या आजारी माणसांचे आवाज आहेत, मान्य. पण ते निरोगी माणसाच्या आवाजाशी ताडून बघणारं प्रकरणच नाही. मग तुझ्या म्हणण्याला आधार काय?”

“निरोगी आवाजाचं रेकॉर्डिंग खराब झालं, सर.”

“तीन वर्षांचं? सगळंच्या सगळं?”

“हो. माझाच निष्काळजीपणा.”

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस बोलतं, तसं ती बोलली. एका सुरात, टेबलाच्या कडेकडे बघत. बाईंनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. सुटले, एवढंच त्यांच्या मनात आलं.

“मग नापास करण्यावाचून इलाज नाही,” सरांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडं वाईट वाटल्यासारखं होतं. “तीन वर्षं पाण्यात गेली, पोरी. कळतंय ना तुला?”

“चालेल, सर.”

ती ते इतक्या पटकन म्हणाली, की सरांचं पेन हवेतच थांबलं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तिचे आईवडील बसले होते. मगाशी आत येताना बाईंनी त्यांना पाहिलं होतं. वडिलांच्या बुटांना नवं पॉलिश होतं.

“अध्यक्ष म्हणून तुमचं मत सांगा, मॅडम,” सर म्हणाले.

बाईंनी पेला बाजूला सरकवला. गप्प बसलं की झालं. नुसती मान हलवायची होती. बोललं, तर उद्यापासून लोक त्यांच्या प्रत्येक थांबण्याकडे कान लावून बसतील. वर्ग जाईल, समिती जाईल. घरी नवरा चहाचा कप हातात देताना आधी त्यांच्या तोंडाकडे बघेल. आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. आजवर तो फक्त त्यांचा संशय होता. तोंडातून बाहेर पडलं, की ते खरं होणार होतं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने अगदी बारीक मान हलवली. नको, बाई.

“रेकॉर्डिंग ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या. त्यांना आपलाच आवाज परका वाटला. “प्रकरण हिच्याकडे तयार असणार. ते जोडून घ्या, आणि मगच गुण द्या.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“पहिल्या वर्षी हिने माझे तास रेकॉर्ड करायची परवानगी मागितली होती. मी दिली,” बाई म्हणाल्या. “तो निरोगी आवाज माझा होता.”