पार्क नसलेली गाडी

आधी तुम्ही नगरपालिकेवाल्यांनी तिचं राहतं घर ओढून नेलंत. इंजिन लावलेल्या, चाकांवरच्या घरात माणसानं राहायचं नाही, हा तुमचा नियम. जमीन तिची, विजेचं मीटर तिचं, तरी नेलंत. मग अंगणातल्या तिच्या जुन्या मोटारीवर नारिंगी चिठ्ठी डकवलीत: ही गाडी कायम एका जागी उभी असते, सबब भंगार. दहा दिवसांत स्वतःच्या ताकदीवर चालवून दाखवा, नाहीतर उचलू.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती. ते घर तुम्ही नेलंत तेव्हा त्याच्या पोटात गिअरबॉक्स नव्हता. नेड्रा स्कॅग्जनं तो आदल्या दिवशीच खाली उतरवून घेतला होता.

दहाव्या दिवशी सकाळी नऊला वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या चढाच्या गल्लीत गाड्या उचलणारा ट्रक येऊन उभा राहिला. ट्रकवाला लॉनी खाली उतरला, बाटलीत तंबाखू थुंकला आणि साखळी सोडवायला लागला. त्याच्यामागून नगरपालिकेचा ग्रेडी पेटस आला. हातात फळी, फळीवर कागद.

"साखळी ठेव खाली," नेड्रा गाडीखालून म्हणाली. शेवटचा बोल्ट आवळून ती बाहेर सरपटत आली. एकसष्ट वर्षांची बाई, कोपरापर्यंत तेलानं माखलेली.

"मिस नेड्रा, मला तरी कुठं हौस आहे?" ग्रेडी म्हणाला.

"हौस नसेल तर परत जा."

सोमवारी सकाळी सहाला तीस मैलांवरच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती हजर नसेल, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. या डोंगरात बस नाही. शाळेची तेवढी आहे, आणि ती बावीस वर्षं नेड्रानंच चालवली होती. ग्रेडी त्याच बसमधून शाळेत गेला होता.

"मिस नेड्रा, हिचा गिअरबॉक्स जळून दोन वर्षं झाली," लॉनी हसत म्हणाला. "ढकलत नेणार काय?"

"बस माझ्या शेजारी. नाही, तू नको, तुझी बाटली सांडेल. ग्रेडी, तू बस."

घराचं आणि मोटारीचं इंजिन एकाच जातीचं, म्हणून पुढची भोकं जुळली होती. बाकी काहीच जुळत नव्हतं. घर ओढणारा गिअरबॉक्स मोटारीच्या गिअरबॉक्सपेक्षा वीतभर लांब. त्याला धरणारी आडवी पट्टी तिनं मागं सरकवली, गाडीचा तळ हातोड्यानं ठोकून वर उचलला, चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड केला आणि पुन्हा जोडला. वेल्डिंग ओबडधोबड होतं, पण सरळ होतं. दोनदा कापावा लागला. पहिल्यांदा तिनं गाडी जॅकवर असताना माप घेतलं होतं. चाकं लोंबकळत असताना अंतर वेगळं येतं. शाळेच्या बसनं तिला हेच एकदा शिकवलं होतं, तरी ती विसरली.

तिनं किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, मग धरलं. तिनं गिअरची दांडी खाली ओढली. मागून एक जाड धक्का आला, आणि गाडी चढाला लागली. घरासारखी. सावकाश आणि ठाम.

गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत गेली. मागच्या मागं खाली आली. पुन्हा अर्ध्या चढापर्यंत गेली आणि थांबली. लॉनीनं साखळी ट्रकवर टाकून दिली.

ग्रेडीनं कागदावर दोन ठिकाणी खुणा केल्या. तिसऱ्या ओळीवर पेन अडलं.

"आता पार्कला टाका. गाडी उभी करायच्या गिअरला."

"पार्क नाही हिला."

त्यानं स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या अक्षरांकडे पाहिलं. पहिल्या अक्षरावर, पार्कच्या 'पी'वर, लाल नेलपॉलिश फासलेलं होतं.

"मिस नेड्रा, पार्क हवंच. इथं लिहिलंय. त्याशिवाय गाडी उभी राहते असं मला लिहिता येत नाही."

"दहा दिवसांपूर्वी हिचा गुन्हा काय होता रे?"

ग्रेडीनं फळीवरचा कागद सरळ केला.

"उभी असते, हाच ना? तुझंच अक्षर आहे चिठ्ठीवर. तिसरीत होतं तसंच कोंबडीच्या पायाचं."

बाहेर लॉनी फिसकन हसला, पण ग्रेडीनं काचेतून पाहताच खोकल्यासारखं केलं.

"नियम मी नाही केला," ग्रेडी म्हणाला.

"ऐक. तुझ्या गाडीला पार्कमध्ये बोटभर दात धरून ठेवतो. एवढ्या जड घराला तो दात पुरत नाही, म्हणून या गिअरबॉक्सच्या मागं दांड्यावर ब्रेकचा अख्खा ड्रम असतो. तो ड्रम माझं घर धरून ठेवायचा, ग्रेडी. पलंग, चूल, पाण्याची टाकी, मी. सगळ्यांसकट."

तिनं सीटशेजारची, त्या ड्रमची लोखंडी मूठ दोन्ही हातांनी वर ओढली. खाली काहीतरी घट्ट आवळलं. मग तिनं गिअर काढला, इंजिन चालूच ठेवलं आणि दार उघडून उतरली.

"मिस नेड्रा!" ग्रेडी ओरडला. तो अजून आतच होता. पाय ब्रेककडे न्यावेत तर ब्रेक तिच्या बाजूला.

ती गाडीच्या मागं, उताराच्या बाजूला गेली. रस्त्यावर बसकण मारली आणि मागच्या बंपरला पाठ टेकून पाय पसरले. इंजिन धडधडत होतं. तिच्या खांद्यांतून ते कळत होतं. गाडी तसूभरही हलली नाही.

बऱ्याच वेळानं ग्रेडी उतरला. फळी छातीशी धरून मागं येऊन उभा राहिला.

"उठा ना, मिस नेड्रा."

"तू लिही आधी. हिला न्यायचं तर कारण लागेल ना? चालत नाही म्हणून नेणार, का उभी राहत नाही म्हणून?" तिनं मान वर करून त्याच्या पेनाकडे बोट दाखवलं. "बोल. कुठलं लिहितोस?"