न कापलेलं बारसं

“मॅडम, कापलंय ते तुमच्याच भल्यासाठी,” लेकीच्या बारशाचा व्हिडिओवाला म्हणाला होता. पण न कापलेली, दिग्दर्शकाच्या मनातली आवृत्तीच खरा सिनेमा, हे मृण्मयीचं कॉलेजपासूनचं मत. तिने हट्टाने अख्खं शूटिंग मागवलं.

छोट्या व्हिडिओत ती पाळण्यापाशी गोड हसत होती. अख्ख्यात शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी फिरत होती. “पंखा कमी करा! हात धुतले का?”

नातीला पहिल्यांदाच मांडीवर घ्यायला आलेले बाबा म्हणाले, “धुतले गं.”

“साबणाने?”

ते पुन्हा गेले. परतेपर्यंत बाळ झोपलं होतं. ओले हात रुमालाला पुसत ते मागेच उभे राहिले.

सिनेमा सुधारला होता, नायिका तेवढी बिघडली होती. बाबांना फोन लावता लावता ती तुम्हाला विनवतेय: तुमच्याही घरात कोणी मागे हात पुसत उभं नाही ना, जरा बघून या.