राईएवढी अफू

दुष्काळी कामावर बायांची पोरं सांभाळणाऱ्या पार्वतम्माच्या पायाच्या अंगठ्याला चार दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि प्रत्येक दोरीच्या दुसऱ्या टोकाला बाभळीला टांगलेली एक झोळी होती. तिनं पाय हलवला की चारही झोळ्या हलायच्या. पोरानं लाथ झाडली की दोरीला उलटा हिसका बसायचा, आणि कोणतं पोर जागं झालं ते म्हातारीला मान न वळवता कळायचं. आज एक दोरी बराच वेळ गप्प होती.

ती शिवकांताच्या पोराची झोळी. पार्वतम्मानं पोर बाहेर काढलं तर त्याची मान लोंबली. तिनं बोटानं पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. खडीच्या ढिगाऱ्यात हातोडा चालवणाऱ्या शिवकांताला तिनं हाक मारली.

शिवकांता घाम पुसत आली आणि पोराकडे न बघताच म्हणाली, ऊन लागलं असंल. पार्वतम्मानं पोराची पापणी पुन्हा वर करून तिला दाखवली. तेव्हा शिवकांताला रडू फुटलं. राईएवढी अफू दिली होती, रोज देते तेवढीच. पण आज पोर किरकिरायचं थांबेना, म्हणून पुन्हा एकदा बोट चाटवलं होतं.

भोवती जमलेल्या बायांपैकी एकीलाही याचं नवल वाटलं नाही. दुष्काळी कामावर निम्म्या बाया बाजारातून चोरून विकत आणलेली अफू पोरांना देत होत्या. पोर रडलं की आई उठते, आई उठली की खडीचा ढीग भरत नाही, आणि ढीग भरला नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही.

मुकादम विरूपाक्ष धावत आला. त्यानं लगेच एकाला सायकलवरून मुरुडला डॉक्टर आणायला पिटाळलं. माणूस वाईट नव्हता. फक्त गप्प बसणं त्याला जमायचं नाही, आणि पार्वतम्मा पोराच्या तळव्यांना ओलं फडकं लावून टाचेवर टिचक्या मारत असतानाही त्यानं आपलं मत काढलंच. निजामाच्या काळी अफू दुकानात मिळायची, आता बंदी आली म्हणून हे असले प्रकार, असं त्याचं म्हणणं.

"चोरीच्या मालाला माप नसतं, अम्मा. सरकारनं शिक्का मारून इकली असती तर असं झालं नसतं. दारूचं बघा की, समदं रीतसर."

त्यानं रस्त्यापलीकडे हात केला. तिथं सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याची या गावाला पटलेली पहिली खूण म्हणजे हे दुकान. पाण्याचा टँकर त्याच्या नंतर आला.

पार्वतम्मा पोराला खांद्यावर घेऊन बाभळीखाली येरझारा घालत होती. पायाच्या दोऱ्या तिनं केव्हाच तोडल्या होत्या. पोराचं नाव घेऊन ती त्याला हाका मारत होती, मधेच गालाला चिमटा काढत होती. तुमच्या गालात तंबाखू हाय तीबी सरकारमान्यच की, असंही विरूपाक्ष बोलून गेला.

तिनं तंबाखू थुंकून टाकली. "हाव, तीबी वंगाळच हाय. म्या कधी चांगली म्हनले? पन पोराच्या पोटाला शिक्का वाचता येतो का, विरूपाक्षा?"

मग तिनं शिवकांताला विचारलं की तू दोन ढीग का फोडतेस. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिचा नवरा नागप्पा सकाळी हजेरी लावायचा, हातोडा बायकोपाशी ठेवायचा आणि रस्ता ओलांडून रीतसर दुकानात जाऊन बसायचा. त्याचा ढीग तीच फोडायची. दोन ढीग फोडणाऱ्या बाईचं पोर दिवसभर निजलेलंच हवं.

एवढ्यात पोरानं तोंड वेडंवाकडं केलं. बारीक आवाज निघाला, मग मोठा, आणि मग त्यानं असा टाहो फोडला की खडी फोडणारे सगळे हातोडे थांबले. रोज ज्या आवाजाला त्या बाया वैतागायच्या, तोच ऐकून दोघी-तिघींनी हात जोडले. शिवकांतानं हात पुढे केले.

पार्वतम्मानं पोर तिला दिलं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि अनवाणी रस्ता ओलांडला. कपाळावर विभूतीचे पट्टे असलेली लिंगायताची म्हातारी दारूच्या दुकानाची पायरी चढताना गावानं कधी पाहिली नव्हती. आतली माणसं गडबडून उभी राहिली. तिच्यासारखं धाडस त्या गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, हे तेव्हा तिथल्या पिणाऱ्यांनाही कळलं असणार.

नागप्पाचा पहिलाच गिलास चालू होता. तोही उठायला लागला, पण तिनं त्याला खांदा दाबून खाली बसवलं, त्याच्या हातातला गिलास काढून बाजूला ठेवला आणि रडतं पोर त्याच्या मांडीवर दिलं. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मग त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसली.

नागप्पाचा चेहरा उतरला. तो बापाच्या सवयीनं पोराला थोपटू लागला. तिनं त्याचा हात धरला.

"थोपटू नगंस. निजलं तर जाईल ते. डॉक्टर येईस्तोर जागं ऱ्हाऊ दे त्याला. आन् तूबी ऱ्हा."