आईच्या हातची टोपली

सफियाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि टोपली अर्धीच झाली होती. जिन्यात पाय घसरून मनगट मोडलं, त्याला चार दिवस झाले होते. गुरुवारी तिच्या गावची, इथिओपियातल्या हरारची एक बाई सुटीवर गावी निघणार होती. टोपली तिच्याबरोबरच जायला हवी होती. मे अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस सफियाच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्यांच्या घराण्यात आईने विणलेली टोपली नवरीच्या नव्या घरात भिंतीवर लागते.

कुवेतमध्ये, सालमिया भागातल्या एका इमारतीत सफिया चार घरी साफसफाई करायची आणि दुपारी टोपल्या विणून एका दुकानात द्यायची. त्या टोपल्यांवरच मुलगी शिकली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलाने सुचवलं, दुकानातलीच एखादी परत आण, तीही तुझ्याच हातची ना?

"ती विकायला विणलेली आहे," सफिया म्हणाली.

मग नीला म्हणाली, मला क्रोशे येतं, तू सांग, मी विणते. सफियाने नकारार्थी मान हलवली. आईच्या टोपलीला परका हात लागत नाही.

मंगळवारी सकाळी मात्र, गुरुवार दोनच दिवसांवर आल्यावर, सफिया टोपली घेऊन नीलाकडे आली. तिने गवत पाण्यात भिजत घातलं आणि दाभण नीलापुढे ठेवलं.

गवताचा जुडगा गोल वळवायचा, दाभणाने भोक पाडायचं, रंगीत काडी ओवून आवळायची. नीलाने दोन दिवस तेवढंच केलं. सफिया शेजारी बसून टाके मोजायची, चुकलं की डाव्या हाताचं बोट ठेवायची. लाल चौकट तीनदा उसवली. स्वयंपाक राहिला, नीलाचा नवरा रिफायनरीतून येताना हॉटेलातून जेवण घेऊन आला. नीलाच्या बोटांना चिरा पडल्या. सफियाने एकदाही छान म्हटलं नाही.

बुधवारी दुपारी टोपली पुरी झाली. खालचा भाग घट्ट, गुळगुळीत. वरचा जरा सैल, आणि कड एका बाजूला किंचित कललेली. कुणालाही दिसलं असतं.

"वरचं उसवून टाक," नीला म्हणाली. "अर्धी पाठव, पण तुझी पाठव."

सफियाने टोपली मांडीवर घेऊन फिरवली. जिथे वीण बदलत होती तिथे अंगठा ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली,

"लेकीला फोन करून सांगते. इथपर्यंत आई आहे, इथून पुढे खाला, तिची मावशी."