ताईचा वाटा

"रुस्दी, आधी ताईचा वाटा, मग तुझं ताट," आई म्हणायची. शिकार घरी आली की हरणाची एक तंगडी चिंचेखाली ठेवायची, मगच घास घ्यायचा. पुढे कोमोडो बेटाचं राष्ट्रीय उद्यान झालं. शिकार थांबली, वाटाही थांबला.

रुस्दी तिथेच वाटाड्या झाला. हातात बेचक्याची काठी घेऊन तीस वर्षं तो पाहुण्यांना महाकाय घोरपडी दाखवत राहिला. "हे जनावर दहा फूट लांब, लाळ विषारी, दहा पावलं दूर राहा." घोरपडींशी असलेलं घरचं नातं त्याने पाहुण्यांना एकदाच सांगितलं होतं. लोक हसले, तेव्हापासून ते त्याने गिळलं.

आज नोकरीचा शेवटचा दिवस. चिंचेखाली एक लंगडी, म्हातारी घोरपड पहुडली होती. तो तिच्याजवळ गेला.

"काका, आम्हाला दहा पावलं, आणि तुम्हाला दोनच?" एका पाहुणीने टोकलं.

"म्हातारपणी मोजणी चुकते, पोरी."

मग त्याने काठी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत घोरपडीला म्हणाला, "ताई, तुमची-आमची कूस एकच, असं आई सांगायची. मी मात्र तीस वर्षं चारचौघांत तुला जनावर म्हणत आलो. राग धरू नकोस."