शिक्षण : नववी

विषय : जीवशास्त्र.
कुठे शिकलात : हायस्कूल.
गुण : या रकान्यात काही लिहू नये.

दिपालीने ते सगळं पुन्हा पुसलं. लॅपटॉप पाटावर होता, ती फरशीवर, आणि शेजारी आजी, रंजनाबाई, वालाच्या शेंगा सोलत बसलेली. सारंगखेड्यात सकाळ झाली होती. तिकडे अमेरिकेत, जिथे दिपाली जन्मली आणि वाढली, मेडिकलच्या अर्जाचा शेवटचा दिवस संपत आला होता.

"काय पुसी ऱ्हायनी बेटा?"

दिपालीने सांगितलं. तिकडे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीची परीक्षा देता येते. पास झालं की कॉलेजात तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. तिने दिली, पास झाली, पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र सुटलं. आता अर्ज म्हणतो, तेही दाखवा. मैत्रीण म्हणते, दाखवू नकोस. काही कॉलेजांना वाटतं पोरीने विषय टाळला.

"तू पास व्हयनी ना?"

"झाले."

"मंग लिख."

"आणि त्यामुळेच मला घेतलं नाही तर?"

आजीने दाराकडे पाहिलं. लाइट आली म्हणून आजोबा केळीत मोटार सुरू करायला गेले होते.

"मी मॅट्रिक पास शे," ती हळूच म्हणाली.

दिपालीची बोटं थांबली.

नाव : रंजनाबाई.
शिक्षण : नववी.
खरं शिक्षण : असा रकाना नसतो.

"तुन्हा आजोबा मॅट्रिकले नापास. नवरदेवपेक्षा पोरगी जास्ती शिकेल कशी चाली? मन्हा बापनी बैठकीम्हा नववी सांगी टाकी. मी खाले मान घालीसन चूप ऱ्हायनी. तवयपाईन नववीच."

"मग बाबांचं इंग्रजी? ते तर म्हणतात, गावातल्या गुरुजींनी पक्कं केलं."

"योगेंद्रले चुलापान बसाडीसन मीच शिकाडं. त्याले सांगेल व्हतं, कोनी इचारं तं गुरुजीनं नाव ले."

दारात अंधारलं. आजोबा, बन्सीलाल, उभे होते. पक्कड न्यायला परत आलेले, पाय चिखलाने भरलेले. किती वेळ उभे होते कोण जाणे.

आजीच्या हातातली शेंग अर्धी सोललेलीच राहिली.

"मॅट्रिक?" आजोबा म्हणाले.

आजीने मान डोलावली.

"इंग्रजीम्हा कितला व्हतात?"

"अडुसष्ट."

आजोबा आत आले आणि तसेच, चिखलाच्या पायांनी, पुसलेल्या फरशीवर बसले. रोज याच गोष्टीवरून बोलणी खाणारा माणूस. आज आजी काही म्हणाली नाही.

"मन्हा एकोणीस," ते म्हणाले. मग त्यांना हसू आवरेना, आणि आजीने पदर तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की कशासाठी, ते दिपालीला कळलं नाही.

"लिख बेटा. जे पास व्हयनी ते लिख," पदराआडून आजी म्हणाली.

दिपालीने लिहिलं. जीवशास्त्र. हायस्कूल. या वेळी पुसलं नाही.

आजोबा स्क्रीनजवळ सरकले. "आते आजीनंबी लिख. जागा शे का तठे?"

दिपाली अर्ज अगदी वरून खालपर्यंत शोधू लागली.