लाल ओळ

फॉर्म पुन्हा परत आला. वर लाल अक्षरांत एवढंच, की माहितीत चूक आहे, दुरुस्त करा. कुठे चूक आहे ते नाही. आणि भरलेलं सगळं पुसून कोरं.

रिया मुकाट्याने परत नावापासून टाइप करायला लागली. नर्सिंगच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख. पाच वाजता साइट बंद होणार होती. शेजारच्या स्टुलावर तिची आई आनंदी बसली होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. काय झालं गो, असं तिने विचारलं, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता रिया पिनकोड चुकतोय म्हणाली.

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारातलं हे इंटरनेटचं दुकान क्रिस्टोफरचं, गावच्या किस्तूचं. त्याने चहा मागवला. आनंदीने नको म्हटलं, तिचा सोमवार होता.

"मगे ह्या सर्व्हराचो पण सोमवार दिसता, वैनी," तो म्हणाला. "काय दिला तरी पोटात घेणा नाय."

आनंदी जराशी हसली. तिचे सोमवार नवऱ्यासाठी असत. गुरुदास मासे मारायला गेला त्याला तीन वर्षं होऊन गेली. होडी विजयदुर्गाच्या बाजूला लागली, रिकामी. काही महिने वाट पाहून दिराने दर्भाचा पुतळा करून जाळला, भटजी आणले, दिवस उरकले. आनंदी तेवढा वेळ आतल्या खोलीत बसून राहिली. मंगळसूत्र तिने काढलं नाही. बायका पाणवठ्यावर तिच्यादेखत गप्प होत आणि ती वळली की बोलत. घरात तो विषय कोणी काढत नसे, रिया तर नाहीच.

फॉर्म आणखी एकदा परत आला, तेव्हा क्रिस्टोफर खुर्ची ओढून जवळ बसला. त्याने पान हळूहळू खाली सरकवलं. पार तळाशी, एका रकान्याखाली, बारीक लाल ओळ होती. तो वाचून थांबला. मग त्याने रियाकडे बघितलं. ती मान खाली घालून होती. तो रकाना तिने दर वेळी मुद्दाम कोरा सोडला होता. यंत्राच्या लक्षात येणार नाही असं तिला वाटलं होतं.

"काय विचारता?" आनंदी म्हणाली.

क्रिस्टोफरला सांगावंच लागलं. वडील हयात की मयत, दोन्हीतलं एक घालायला हवं होतं.

"हयात," आनंदी लगेच म्हणाली.

त्याने हयात घातलं. फॉर्म परत आला. आता खाली दुसरी लाल ओळ होती: वडिलांच्या नावाचा, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. तो दाखला रिया आधीच तहसील कचेरीत मागून आली होती. वडिलांना समोर घेऊन ये, असं तिला खिडकीवरून सांगितलं होतं.

साडेचार वाजून गेले. बाहेर मालवणची एसटी येऊन उभी राहिली, माणसं चढली, ती गेलीसुद्धा. आईने काही म्हणावं अशी रियाची अपेक्षाही नव्हती. आनंदीने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, मग डोळे उघडले.

"घाल मयत," ती म्हणाली. "चेडवाचा वर्ष वाया जावक नको."

क्रिस्टोफरने तिच्याकडे न बघता बटण दाबलं. पान फिरत राहिलं. तिघंही बघत राहिली. रियाने आईचा हात धरला.

फॉर्म परत आला.

"काय म्हणता आता?"

"मयताचो दाखलो मागता, वैनी. दाखल्याचो नंबर नाय तर मयत म्हणान घेवचो नाय."

दाखला नव्हता. देह सापडला नव्हता, तर दाखला कोण देणार? बेपत्ता माणसासाठी सात वर्षं थांबा, असं कचेरीत सांगत होते. रियाने टेबलावर डोकं टेकलं आणि रडू लागली. क्रिस्टोफर उगाच माऊस हलवत बसला.

दिराने पुरावा मागितला नव्हता. भटजींनी नाही. गावातल्या एकाही माणसाने नाही.

आनंदीचा एक हात लेकीच्या पाठीवरून फिरत होता. नजर त्या लाल ओळीवर होती.

"किस्तू," ती हळूच म्हणाली, "परत एकदा वाच रे, काय लिवला हा ता."